मॉडीनची एकुलती एक जिग

"मी काही बोलत नाही," व्हर्नल काका म्हणाले, "पण ही जिग आहे की न्हाव्याच्या दुकानातला केर?"

बाकाभोवती उभी असलेली मंडळी खो खो हसली. मॉडीन हसली नाही. तिच्या दातांत दोरा होता, डाव्या हाताच्या दोन बोटांत पोपटी पिसांचा झुबका होता, आणि हसली असती तर दोन्ही सुटलं असतं.

व्हर्नल काका हे टर्की फोर्क तलावावरचे जिवंत आमिषाचे दुकानदार, आणि तलावावरच्या सगळ्या भांडणांचे न्यायाधीश. "मी काही बोलत नाही" असं म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. बायकोला लग्नाची मागणीही त्यांनी "मी काही बोलत नाही, पण" म्हणूनच घातली असणार, असं सगळं गाव म्हणतं. मागे छोट्या माशांची टाकी बुडबुडत होती. शेगडीवर कॉफी करपली होती. आणि दुकानात उभा असलेला प्रत्येक जण मॉडीनच्या बोटांकडे बघत होता.

टर्की फोर्कवरचा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडताही येत नाही. तलावाच्या तळाशी, चिखलात, जुन्या कुटुंबांनी तंबाखू वाळवायच्या काठ्या ठोकून ठेवल्या आहेत. प्रत्येक घराची आपली काठ्यांची बाग. डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं आली की क्रॅपी मासे अंडी घालायला या काठ्यांत शिरतात. ज्याच्या हातची जिग, त्याच्या काठ्या. दर वसंतात मालकाने सगळ्यांदेखत एक जिग बांधायची, शिशाच्या डोक्याच्या गळाला केसा-पिसांची शेपूट, आणि शनिवारी दुपारचा आगीचा भोंगा होईपर्यंत तिच्यावर आपल्याच काठ्यांतून एक क्रॅपी काढायचा. काकांच्या मापाच्या फळीवर खाच आहे, तिथवर पोचेल एवढा. जिग एकच. तुटली, अडकली, हरवली, की संपलं. मग त्या काठ्या जो आधी मागेल त्याच्या.

आणि मागणारा दारातच उभा होता.

"नमस्कार मंडळी!" रँडल म्हणाला. हा मॉडीनचा चुलतभाऊ. गावच्या रेडिओवर दर शुक्रवारी मासेमारीच्या बातम्या सांगतो, आणि तेव्हापासून त्याला साधं बोलणं जमत नाही. मीठ मागायचं असलं तरी घसा खाकरून, आवाज छातीतून काढून मागतो. "टर्की फोर्कवर आज आकाश निरभ्र, वारा मंद, पाणी किंचित गढूळ, आणि आमची मॉडीनताई आयुष्यात पहिल्यांदा जिग बांधते आहे! पुढे काय होतंय, ऐकत राहा!"

"रँडल," मॉडीन दातांतला दोरा न सोडता म्हणाली, "तुझा रेडिओ बंद कर, नाहीतर बटण मी पिळीन."

पुन्हा हशा. पण गेल्या वर्षी स्मिदरमन कुटुंबाच्या काठ्या याच रँडलला मिळाल्या होत्या. त्याने मेम्फिसहून पैसेवाली गिऱ्हाइकं आणली, चकचकीत होड्या, पडद्यावर मासे दाखवणारी यंत्रं. उन्हाळा सरेपर्यंत तिथे शेवाळाशिवाय काही उरलं नाही.

काठ्या तिच्या वडिलांच्या होत्या. हर्शेल ट्रँथम. तलावावर त्यांच्या जिगसारखी जिग कुणाची नव्हती: काळं अंग, पोपटी शेपूट. मग त्यांच्या हातांना कंप सुरू झाला. मागच्या वसंतात याच बाकावर बसून त्यांनी प्रयत्न केला. दोरा गळाभोवती जायच्या ऐवजी हवेत नाचत राहिला, आणि दुकानातल्या सगळ्यांनी एकदम छताकडे बघितलं. व्हर्नल काका म्हणाले, मी काही बोलत नाही, पण एक वर्ष थांबू.

जिग बांधता येईना तरी मासे मात्र म्हाताऱ्याला लागतच राहिले. मॉडीन रोज दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटली की त्यांना होडीत उचलून बसवायची, काठ्यांवर न्यायची, हातात गळाची लांब काठी द्यायची. हात थरथरायचा, आणि त्या थरथरीने खाली जिग अशी काही जिवंत व्हायची की क्रॅपीला राहवायचं नाही. "हर्शेल काकांना मोटर बसवलीय," रँडल म्हणायचा. घरी म्हातारा शर्टाच्या बटणावर रडकुंडीला यायचा, सूपाच्या वाटीवर चिडायचा. काठ्यांवर तो हर्शेल ट्रँथम असायचा. काठ्या गेल्या तर त्याला रोज दुपारी कुठे न्यायचं, हे मॉडीनला माहीत नव्हतं.

मॉडीन सत्तेचाळीस वर्षांची होती, आणि तिने जन्मात जिग बांधली नव्हती. म्हाताऱ्याने बांधूच दिली नाही. मागच्या ओसरीवर त्यांचं टेबल, त्यावर दिवा, आणि जवळ गेलं की, "पिसं उडतील, लांब!" मासे साफ करायला मात्र ती लहानपणापासून. आता शिकवायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडून एका वेळी दोनाच्या वर शब्द येत नव्हते, आणि ते दोन्ही शिव्या.

"जाड," ते म्हणायचे.

"काय जाड? दोरा?"

"शेपूट."

"एवढीशी तर आहे, बाबा."

"कोंबडी."

पहिल्या दिवशीची जिग खरंच कोंबडी दिसत होती. दुसऱ्या दिवशी तिने पिसं इतकी पुढे बांधली की गळाचा डोळाच बुजला, दोरी ओवायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी दोरा ओढला आणि सगळी शेपूट दांड्याभोवती गरकन फिरून पोटाखाली गेली. मग दोरा तुटायला लागला. सैल धरला तर पिसं निसटत, घट्ट धरला तर टण्णकन तुटे. शाळेत दोनशे पोरांसाठी मक्याचे पाव एका हाताने उलटणारी बाई ती. रात्रीचं जेवण टेबलावर तसंच ठेवून ती त्या नखाएवढ्या गळाकडे बघत बसायची आणि ओठ चावायची.

आता बाकावर, सगळ्यांसमोर, दोरा तुटला नाही. तिने गाठी मारल्या. एक. अजून एक. भीतीने आणखी एक. त्या पक्क्या राहाव्यात म्हणून वरून नेलपॉलिशचा थेंब सोडला. बाकावरच्या चिमट्यातून जिग निघाली तेव्हा तिला स्वतःलाच कळलं: शेपूट जाड झाली होती. कोंबडी नाही, पण कोंबडीची पुतणी नक्की.

"बांधली," ती म्हणाली.

काकांनी ती बोटांत धरून उलटी-सुलटी केली. "मी काही बोलत नाही," ते म्हणाले, आणि खरोखरच काही बोलले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

शनिवारचीच सकाळ होती; साक्षीला काका तिच्या होडीत बसले. मागच्या बाकावर, फळी मांडीवर, टोपी डोळ्यांवर. साक्षीदाराने सल्ला द्यायचा नाही, हाही नियम. धक्क्यावर गाडीत बसलेल्या वडिलांकडे तिने हात केला. त्यांनी हात वर केला की थरथरला, हे लांबून कळेना. रँडलची होडी मागोमाग आली आणि शिष्टाचाराला शोभेल तेवढ्या अंतरावर थांबली. म्हणजे शब्द ऐकू येतील एवढ्या.

पाण्यातून वर आलेल्या सायप्रसच्या बुंध्याला तिने होडी बांधली. काठ्या वरून दिसत नाहीत. झाडाचं पाण्याबाहेर आलेलं, ढोपरासारखं वाकडं मूळ आणि समोरच्या किनाऱ्यावरचं पडकं कोठार, दोन्ही एका रेषेत आले की खाली बाग. तिने गळाची लांब काठी पुढे केली आणि जिग सरळ खाली सोडली.

काही नाही.

जाड शेपूट पाण्यात भिजून फुगली होती. बुडताना डौल नाही, थांबली की लोंबतेय भिजल्या मोज्यासारखी. मॉडीनला वरूनच कळत होतं. सकाळ चढत गेली. कोठारावरचं ऊन सरकत खाली आलं. एकदा टिचकी बसल्यासारखं वाटलं, बहुतेक तळातली काठीच.

"टर्की फोर्कवरून ताजी बातमी," पलीकडून आवाज आला, "मासे जेवायला तयार, पण ताटात उशी वाढली आहे!"

मॉडीनने उत्तर दिलं नाही. भूक लागली म्हणून तिने जाकिटाच्या खिशात घरून आणलेल्या बिस्किटासाठी हात घातला आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढला. बोटावर रक्ताचा ठिपका होता.

खिशात, बिस्किटाच्या कागदाला टोचून, एक जिग होती. काळं अंग, पोपटी शेपूट. शेपूट कशी? असून नसल्यासारखी बारीक. म्हाताऱ्याची, चांगल्या दिवसांतली.

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सकाळी गाडीत ते तिच्या जाकिटाशी चाळा करत होते. तिला वाटलं होतं, माया करतायत. तिच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते बरोबर होते.

तिने हात खिशात तसाच ठेवला. काका मागे, टोपी डोळ्यांवर. रँडल पलीकडे, पण मध्ये तिची पाठ. दोन्ही जिग एका रंगाच्या. एक गाठ कापायची, एक मारायची. म्हाताऱ्याची रोजची दुपार वाचली असती.

तिने हात बाहेर काढला, रिकामा, आणि रागानेच स्वतःची जिग पुन्हा खाली सोडली. रागात सोडली म्हणून जरा जास्तच खाली गेली. वर घेताना काठी वाकली. ती आनंदली. मग काठी वाकलेलीच राहिली.

अडकली.

"अरे देवा," ती म्हणाली, आणि नवशिक्या माणसाने करायचा तोच मूर्खपणा केला. ओढलं. दोरी ताणली, पाण्यातून थेंब उडाले, ती वाऱ्यात वाजायला लागली. मॉडीन ताबडतोब थांबली.

"मंडळी," रँडल हळूच म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात रेडिओ जरा कमी होता, "हे काही बरं झालं नाही."

बापाने ठोकलेल्या काठीत बापाच्या काठ्यांसाठी बांधलेली जिग रुतून बसली होती. दोरी तुटली की सगळं तुटलं. आणि मांडीला, जाकिटाच्या आतून, दुसरी जिग टोचत होती. आता तर कुणी दोषही दिला नसता. काकांचं घोरणं सुरू होतं. निदान तसा आवाज तरी येत होता.

"व्हर्नल काका."

"हं?"

"माझ्या खिशात बाबांची जिग आहे. त्यांनी टाकलीय. मला आत्ता कळलं." तिने ती काढून पुढे केली. "ही घ्या. तुमच्याकडे ठेवा. बाद करायचं तर करा, पण माझ्या खिशात नको ती."

काकांनी टोपी वर केली. तिच्या तळहातावरची जिग उचलून आपल्या टोपीला खोचली.

"मी काही बोलत नाही," ते म्हणाले, "पण ती शेपूट कधीपासून खिशातून डोकावत होती. बदकालाही दिसली असती." मग दोरीकडे मान उडवून, "भोंग्याला फार वेळ नाही."

म्हणजे ते जागे होते! आणि बघत होते! पण आता मॉडीनला घाबरायला सवड नव्हती. तिने दोरी ढिली सोडली. होडीच्या टोकाला गुडघे टेकले. लांब काठीचं टोक दोरीच्या बाजूने, दोरी टोकाच्या कडीतून आत घेत घेत, सरळ पाण्यात घातलं. कोपर बुडला. खांदा बुडला. गाल पाण्याला टेकला. एप्रिलचं पाणी हाडात शिरलं. टोकाला काहीतरी कठीण लागलं. शिशाचं डोकं. आता ओढायचं नाही, ढकलायचं, ज्या वाटेने गळ आत गेला त्याच वाटेने. होडी कलली. काका एक अक्षर न बोलता दुसऱ्या बाजूला सरकले. बाजू सावरणं म्हणजे सल्ला नव्हे.

तिने ढकललं. हललं नाही. पुन्हा. बोटं बधिर. तिसऱ्यांदा ढकलताना तिने डोळे मिटले, आणि काठी एकदम हलकी झाली.

जिग वर आली तेव्हा तिच्यावरची अर्धी पिसं गेली होती. पोपटी बट तेवढी उरली होती, एका बाजूला जरा झुकलेली. एक गाठ उसवून दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. पण आतल्या गाठी जागच्या जागी होत्या.

"सुटली की!" रँडल ओरडला. "काका, अर्धी जिग गेली! ही कसली बांधलेली?"

"उरलीय तेवढी कुणी बांधली?" काकांनी विचारलं.

रँडल खाली बसला.

मॉडीनने दाताने दोऱ्याचं टोक तोडलं आणि जिग सोडली. या वेळी ती बुडताना बघावीशी वाटली. ती बट श्वास घेतल्यासारखी उघडत मिटत खाली गेली. मॉडीनने ती माशांच्या वर थांबवली. क्रॅपी खालून वर बघतो, खाली कधीच बघत नाही. थंडीने तिचा ओला हात लटलट कापत होता. तिने तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. कापू दे.

गावाकडून भोंगा सुरू झाला.

शनिवारी दुपारी आगीच्या बंबाचा भोंगा तपासतात. आधी गाय हंबरल्यासारखा, मग वर वर चढत जातो, टोकाला थांबतो, आणि मग पुन्हा गुरगुरत उतरतो. भोंगा पुरता गप्प व्हायच्या आत मासा होडीत. तलावाचा नियम.

भोंगा चढत होता. काठीच्या टोकाला काही झालं नाही. पण दोरी एकदम सैल पडली. खाली कुणीतरी जिग उचलून घेतली होती.

मॉडीनचा सगळा देह 'ओढ!' म्हणाला. भोंगा टोकाला पोचला होता. दोन्ही हात काठीवर आवळले गेले, खांदे वर आले...

"ताई, झटका नको! टाळू कागद असते त्याची! सावकाश घे, सावकाश!"

हा रँडलचा आवाज होता. रेडिओचा नव्हे. त्याचा खरा आवाज, बारीक, फाटका, शाळेत त्याला "किरकिऱ्या" म्हणायचे तो. तो होडीत उभा राहून दोन्ही हातांनी हवेत दाबून दाखवत होता. मग आपण काय बोललो हे त्याला कळलं आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

क्रॅपीचं तोंड कागदासारखं फाटतं हे मॉडीनपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? हजारो तोंडं तिच्या सुरीखालून गेली होती. पण हात ते विसरला होता. आता आठवलं. तिने काठी फक्त वर केली, दूध उतू जाताना पातेलं उचलतात तशी, न सांडता. वजन आलं. मासा एका काठीमागे वळला. ती त्याच्याबरोबर वळली. भोंगा उतरायला लागला. पाण्याखाली चांदीची एक पाठ चमकली आणि पुन्हा काळोखात गेली. भोंगा गुरगुरत होता. तिने काठी मागे मागे हातातून सरकवत नेली, लांब काठी, कधी संपणार ही काठी, आणि मासा पृष्ठभागावर आडवा पडला. गळ वरच्या ओठात होता, आणि ओठाला एवढं मोठं भोक पडलं होतं की पलीकडचं पाणी दिसत होतं.

ती वाकली. माशाच्या पोटाखाली हात घातला. उचलायला नव्हे, फक्त खाली. तळहात, मासा, आणि होडीची कड. भोंग्याचा शेवटचा घरघराट गावाकडून आला. मासा तिच्या मांडीवर पडला, आणि जिग त्याच्या तोंडातून आपोआप गळून होडीच्या तळात टिणकन वाजली.

मग भोंगा गप्प झाला.

काकांनी फळी पुढे केली. मॉडीनने मासा तिच्यावर ठेवला, नाक फळीच्या टोकाच्या खिळ्याला. शेपूट खाचेच्या अलीकडे थांबली.

तिने नाक पुन्हा खिळ्याला दाबून बघितलं.

"शेपूट मिटून धर," काका म्हणाले. "मोजताना मिटून धरायची. सल्ला नव्हे हा, मापाचा नियम आहे. तुझ्या बापालाही सांगायचो."

तिने शेपटीची दोन्ही टोकं जवळ आणली. टोक पुढे सरकलं. खाचेत शिरलं. नखभर पलीकडे गेलं.

"मी बोलतो," व्हर्नल काका म्हणाले, आणि पलीकडच्या होडीत रँडल चपापला, कारण असं वाक्य तलावावर कुणी ऐकलं नव्हतं. "काठ्या ट्रँथमांच्या."

रँडलने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. "मंडळी..." त्याने घसा खाकरला. आवाज लागेना. "जाऊ दे. ताई, कोरडं जाकीट हवंय का?"

"टाक इकडे."

धक्क्यावर म्हातारा गाडीचं दार उघडून, पाय बाहेर टाकून बसला होता. मॉडीन रँडलच्या मोठ्या जाकिटात, केसांतून पाणी ठिबकत, त्यांच्यापाशी आली. तिने मासा दाखवला.

त्यांनी माशाकडे बघितलंसुद्धा नाही. "जिग," ते म्हणाले.

हात पुढे आला, हवेत थरथरत. त्या हातात गळ देण्यात अर्थ नव्हता. तिने दोन बोटांत धरून ती त्यांच्या डोळ्यांसमोर नेली. म्हाताऱ्याने मान तिरकी केली. एका बाजूने बघितली. मग दुसऱ्या.

"वाकडी," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"दोरा... जास्त."

"हो."

ते थांबले. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हता. गाडीच्या टपावर डॉगवुडची एक पाकळी येऊन पडली, तीही त्यांनी बघितली नाही.

"उद्या," शेवटी ते म्हणाले, "ओसरीवर. माझ्या... टेबलावर बस."